कारभारी

ऑफिसात नवीन माणूस आला आणि मी ख्रिश्चन आहे हे त्याला कळलं, की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "तुम्ही घरी पण मराठीच बोलता?" आणि दोन, "मग ख्रिसमसला केक ना?" पहिल्याचं उत्तर, नाही हो, घरी आम्ही हिब्रू बोलतो. (हे मी मनात म्हणतो.) दुसऱ्याचं उत्तर असं की आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि लाडू असतात. केकही असतो, पण तो बेकरीतून येतो. करंज्यांसाठी मात्र माझी आई दोन दिवस आधी स्वयंपाकघरात आणीबाणी पुकारते.

मी मूळचा नगरचा. (आता अहिल्यानगर. २०२४ मध्ये नाव बदललं, जिभेला अजून सवय व्हायची आहे.) तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे आमच्यासारखी घरं जिल्ह्यात गावोगाव सापडतील. आडनावं तुमचीच, भाकरी तीच, भाऊबंदकीही तीच. चर्चमध्ये पेटी-तबला असतो आणि 'उपासनासंगीत' नावाच्या गीतांच्या पुस्तकातली बरीच पदं रेव्हरंड टिळकांची, म्हणजे शाळेत आपण ज्यांच्या कविता शिकलो त्या ना. वा. टिळकांचीच. असो. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक गोष्ट आमच्याकडे खरंच वेगळी असते, आणि नेमकं तिच्याबद्दल कुणी कधीच विचारत नाही. ती म्हणजे संध्याकाळची कुटुंबप्रार्थना.

पद्धत अशी. टीव्ही बंद करायचा. (यावरून होणारं भांडण हाही विधीचाच भाग समजावा.) एक पद म्हणायचं. पवित्र शास्त्रातला एक अध्याय, प्रत्येकाने दोन-चार ओव्या वाटून घेत वाचायचा. आमच्या घरात बायबलच्या वचनाला आजही कुणीकुणी ओवीच म्हणतं. आणि मग डोळे मिटून एकेकाने प्रार्थना करायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. ही प्रार्थना पाठ केलेली नसते. आपल्या शब्दांत, मोठ्याने, बाकीच्यांच्या देखत करायची असते. खरी गंमत इथेच आहे. लहानपणी पप्पांच्या प्रार्थनेत माझे गणिताचे मार्क यायचे. "प्रभू, या पोराला अभ्यासात लक्ष घालायची बुद्धी दे," हे 'टू'मध्ये देव असलेलं वाक्य असलं तरी 'सीसी'मध्ये मी असायचो. आईच्या प्रार्थनेत काकूशी झालेलं भांडण असायचं, पण फार आदबीने, नावं गाळून. आमच्या घरात कुणाला काय सलतंय हे मला जेवताना किंवा गप्पांत कधी कळलंच नाही. कळलं ते डोळे मिटल्यावर.

पुढे हॉस्टेल, नोकरी, लग्न. बायको मिरजेची, तिच्या माहेरी हीच पद्धत, फक्त पदांच्या चाली वेगळ्या. (कुठली चाल बरोबर हा वाद आमच्याकडे १४ वर्षं चालू आहे.) पण आमचा दोघांचा संसार सुरू झाला तेव्हा प्रार्थना आपोआप गळून गेली. तिची बँक, माझे रात्रीचे कॉल. २०१९ मध्ये पप्पा गेले, आई नगरचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आली, आणि पहिल्याच संध्याकाळी साडेआठ वाजता तिने रिमोट हातात घेतला. आई सरकारी दवाखान्यात ३० वर्षं नर्स होती. तिने रिमोट घेतला की विषय संपतो.

सुरुवातीला मी कुरकुरलो. मग एक दिवस लक्षात आलं की हा प्रकार मी रोज सकाळी ऑफिसात करतोच आहे. डेली स्टँड-अप! काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय आहे. मी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो, आणि तिथेही सगळे खोटंच बोलतात." ती हे सहज बोलून गेली. पुढे ते वाक्य माझ्या घशात अडकणार होतं.

२०२३ चा फेब्रुवारी. आयटीत नोकरकपातीची लाट आली होती ते दिवस. २२ तारखेला भस्म बुधवार होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला. आईने जाहीर केलं की यंदा रोज लूकच्या शुभवर्तमानातला एक अध्याय. पहिल्याच अध्यायात ८० ओव्या निघाल्या तेव्हा आमची चिमणी (वय वर्षं आठ, शाळा इंग्रजी माध्यमाची) जवळजवळ संपावर गेली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चार वाजता मला एका मीटिंगचं आमंत्रण आलं. विषय: 'क्विक सिंक'. मॅनेजर आणि एचआरची एक मुलगी. अकरा मिनिटं. मुलगी बिचारी वाचून दाखवत होती, मध्येच तिचा आवाज बदलला आणि मीच तिला म्हणालो, "इट्स ओके." दोन महिन्यांचा पगार मिळेल, लॅपटॉप आणि आयडी कार्ड आजच जमा करा. वय ४१, अनुभव १८ वर्षं, घराचं कर्ज अजून ११ वर्षांचं. खाली उतरून गाडीत बसलो आणि पहिला विचार काय आला असेल? घरी कसं सांगू हा नाही. आज घरी लवकर गेलो तर कारण काय सांगू, हा! म्हणून सात वाजेपर्यंत पार्किंगमध्येच बसून राहिलो.

घरी गेल्यावर सांगीन म्हणालो होतो. दार उघडलं तर चिमणीच्या पायाला काहीतरी लागलं होतं, बायको बँकेतल्या ऑडिटने वैतागलेली. मग जेवण झाल्यावर सांगू. मग शनिवारी निवांत सांगू. खोटं बोलायचं असं कुणी ठरवत नाही हो. खरं बोलणं फक्त पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलत राहतो.

सोमवारी सकाळी मी शर्ट इन करून, पाठीवर सॅक घेऊन बाहेर पडलो. "आता पाचही दिवस बोलावतायत," हे बायकोला सांगितलं, ते पहिलं धडधडीत खोटं. दोन दिवस एका मॉलच्या फूड कोर्टमध्ये काढले, पण तिथे दर तासाला काहीतरी विकत घ्यावं लागतं. मग एक जागा सापडली. अभ्यासिका! पुण्यात स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली असतात ना, तशी. महिन्याचे हजार रुपये, एक खुर्ची, एक टेबल, एक प्लग, आणि भिंतीवर 'मोबाईल सायलेंट ठेवा'. मी पैसे भरले, पावती घेतली आणि ३७ नंबरच्या खुर्चीवर बसून बायोडेटा दुरुस्त करायला लागलो. आजूबाजूला एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीवाली पोरं. बीड, परभणी, यवतमाळ, कुठून कुठून आलेली. एक वेळचं जेवण दोघांत. पहिल्याच दिवशी शेजारच्या पोराने विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या पोस्टची तयारी करताय?" मी म्हणालो, "बघतोय अजून." तो म्हणाला, "वयाची अट बघून घ्या सर." फार प्रामाणिकपणे म्हणाला.

दिवस तसे निघत होते. अवघड जायची ती साडेआठची वेळ.

नोकरी गेल्याचं ऑफिसातल्या मित्रांपासून, वडीलधाऱ्यांपासून, बँकेपासून लपवता येतं. पण डोळे मिटून, "हे दयाळू स्वर्गीय पित्या" असं म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं? माझी ठरलेली प्रार्थना होती: आजच्या दिवसाबद्दल आभार, अन्नाबद्दल आभार, कामधंद्याबद्दल आभार, सर्वांना आरोग्य दे, आमेन. आता त्यातलं 'कामधंद्याबद्दल' कसं म्हणू? गाळलं तर कुणाच्या लक्षात येईल का? पहिल्या संध्याकाळी मी ते म्हटलं. सवयीने निघून गेलं तोंडातून. त्या रात्री झोप आली नाही. मी काही फार धार्मिक माणूस नाही. चर्चला जातो, पण प्रवचनात घड्याळ बघणाऱ्यांतला. तरी बायकोशी खोटं बोललो त्याचं जेवढं वाटलं नाही, तेवढं या एका शब्दाचं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखतंय असं सांगून नुसतं "आमेन" म्हणायला लागलो. स्टँड-अपमध्ये कॅमेरा बंद ठेवून "नो अपडेट्स" म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. आमच्या घरात तो मी झालो.

यातच ७ मार्चला धुळवड आली. सार्वजनिक सुट्टी. मी सवयीने आंघोळ करून शर्ट इन करतोय आणि बायको दारात उभी. "आज कुठे?" मी म्हणालो, "रिलीज आहे." अभ्यासिकासुद्धा बंद होती त्या दिवशी! मी नदीकाठी एका बाकावर बसलो आणि रंगलेली पोरं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत गेली.

एक गोष्ट तेव्हा कानावर पडत होती, पण डोक्यात शिरली नव्हती. आईच्या प्रार्थनेत काही दिवसांपासून एक नवीन ओळ आली होती. "जी मुलं आपापलं घर सोडून परीक्षेचा अभ्यास करतायत, त्यांना बळ दे." मला वाटलं, मावसभावाचा मुलगा नीटच्या तयारीला लातूरला आहे, त्याच्यासाठी असेल.

गुरुवार, ९ मार्च. बरोबर दोन आठवडे. लूक, अध्याय सोळावा. अध्याय आईने निवडलेला नव्हता हे आधीच सांगतो; रोज एक या हिशोबाने तो आपोआप आला. पहिल्या ओव्या चिमणीच्या वाट्याला. एका श्रीमंत माणसाचा एक कारभारी होता, आणि...

"कारभारी म्हणजे?" चिमणी थांबली.

"मॅनेजर," आई म्हणाली.

बायको हसली. "आणि गावाकडे नवऱ्याला म्हणतात. अहो कारभारी!"

मग चिमणीने अडखळत पुढे वाचलं. गोष्ट तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात अशी. मालकाच्या कानावर येतं की कारभारी पैसे उधळतोय. मालक त्याला बोलावतो, सांगतो की सगळा हिशोब दे, तुझं काम संपलं. आणि तो कारभारी घरी जाऊन स्वतःशीच बोलतो की आता मी करू काय? अंगमेहनत मला झेपणार नाही आणि कुणापुढे हात पसरायची लाज वाटते. चिमणी हे वाचत होती, एकेक अक्षर लावून, म्हणजे दुप्पट वेळ लागत होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य आणि त्याला आलेलं 'क्विक सिंक'चं आमंत्रण. माझे कान गरम झाले.

(पुढे तो कारभारी मालकाच्या कुळांना बोलावून त्यांची कर्जखती कमी करून देतो, म्हणजे चक्क हिशोबात फेरफार करतो, आणि मालक वर त्याच्या हुशारीचं कौतुक करतो. या दाखल्यावर मी तीन-चार पाळकांची प्रवचनं ऐकली आहेत. प्रत्येक जण घामाघूम होतो. मलाही तो अजून नीटसा कळलेला नाही.)

मग प्रार्थना. आधी चिमणी. तिच्या वर्गातल्या कुणाच्या मांजराला पिल्लं होणार होती, ती सगळी जगू दे. आणि बाबाला ऑफिसमध्ये फार काम असतं, सुट्टीच्या दिवशी पण जावं लागतं, तर त्याच्या बॉसला जरा चांगली बुद्धी दे. मग बायकोची, ऑडिट सुखरूप पार पडल्याबद्दल आभाराची. मग माझी पाळी.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," मी म्हणालो. "आजच्या दिवसाबद्दल आभार. अन्नाबद्दल आभार." आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तो ऐकू आला. चिमणीने एक डोळा उघडून बघितलं असणार, कारण तिची चुळबुळ थांबली.

"माझी नोकरी गेली आहे," मी म्हणालो. "दोन आठवडे झाले. मी रोज ऑफिसला जातो असं खोटं सांगतो आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसतो. मला भीती वाटते. मला क्षमा कर." आमेन म्हणायचं राहून गेलं.

कुणी डोळे उघडले नाहीत. आमच्याकडे प्रार्थना पूर्ण झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत हा नियम आहे, आणि त्या दिवशी त्या नियमाचे मला किती उपकार वाटले म्हणून सांगू! कारण अजून आईची पाळी बाकी होती. आईने तिच्या नेहमीच्या आवाजात, नर्स जसं "जरा हात पुढे करा" म्हणते त्या आवाजात, अन्नाचे आभार मानले, पप्पांची आठवण काढली, मांजरीच्या पिल्लांचंही नाव घेतलं. माझ्या नोकरीबद्दल एक शब्द नाही. आणि शेवटी, "त्या अभ्यासिकेतल्या सगळ्या मुलांना बळ दे. माझ्याही मुलाला दे. आमेन."

तिला आधीच माहीत होतं! शर्ट धुवायला टाकताना खिशातली पावती तिने वाचली होती. त्याच्याही आधी, दाराशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्याला रोज लटकणारं माझं आयडी कार्ड दिसेनासं झालं होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी नंतर विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मी विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलला असतास. त्या खोट्याची वाटेकरी मी कशाला होऊ?"

इथे एखाद्या भक्तिपर मासिकातला लेख संपला असता. सगळे रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले, आमेन. आमच्या घरी असं झालं की बायको उठली, ताटं घेतली आणि ती जरा जास्तच आवाज करत ओट्यावर ठेवली.

रात्री चिमणी झोपल्यावर ती बोलली. "तू देवाला सांगितलंस. आईंसमोर सांगितलंस. आठ वर्षांच्या पोरीसमोर सांगितलंस. मला एकटीला सांगायला काय झालं होतं?"

मी म्हणालो की मला तुला काळजीत टाकायचं नव्हतं. ती म्हणाली, "ते नको सांगूस." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "टिळकांनी हेच केलं."

हे जरा उलगडून सांगायला हवं. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं देवाशी जे काय बोलणं व्हायचं ते झालेलं होतं. बायकोला, लक्ष्मीबाईंना, बातमी कळली ती नंतर. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण स्वतःचं सोवळं-ओवळं सांभाळून, आणि स्वतःच्या मनाने, स्वतःच्या गतीने एकेक गोष्ट सोडत त्यांनीही १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. नसेल वाचलं तर जरूर वाचा. धर्माबिर्माशी घेणंदेणं नसलं तरी वाचा, इतकं हसवणारं आणि इतकं खरं मराठी फार थोड्या पुस्तकांत आहे. आमच्या घरांत टिळकांचं नाव नेहमीच फार आदराने निघतं. चर्चमध्ये त्यांची पदं आम्ही गातो. पण बायकोने त्या रात्री मला जे दाखवलं ते मी पुस्तक दोनदा वाचूनही बघितलं नव्हतं. संत माणसाच्या गोष्टीत एक घरी राहिलेलं माणूस असतं, आणि त्याला बातमी उशिरा मिळते. हातातला पैसा कुणालाही देऊन मोकळे होणारे टिळक वाचताना आपण वा वा म्हणतो. डब्यात काय उरलंय ते लक्ष्मीबाईंना बघावं लागायचं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. देवासमोर बोलणं सोपं गेलं, कारण तिथे डोळे मिटलेले असतात. बायकोचे उघडे असतात.

दोन दिवस तिने प्रार्थनेत नुसतं "आमेन" म्हटलं. म्हणजे आता कॅमेरा तिने बंद केला होता. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "प्रभू, मला याचा फार राग आलेला आहे. तो कमी कर. पण एकदम सगळा नको." आईला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडपलं. मी डोळे मिटूनच बसलो होतो, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे घर उभं राहील.

पुढचं काम रुक्ष होतं. जेवणाच्या टेबलावर एक्सेल शीट. बायकोचा पगार, घराचा हप्ता, शाळेची फी, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. चिमणीचा पोहण्याचा क्लास बंद, दुसरी गाडी विकायची. आई आपल्या पेन्शनचं पासबुक आणून शीटशेजारी ठेवायची, मी ते परत तिच्या कपाटात ठेवायचो. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा बायकोने ते उघडून रकाना भरला आणि म्हणाली, "आईंना नाही म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?"

चर्चमध्ये सांगायचं की नाही यावरूनही वाजलं. आमच्याकडे रविवारी उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या वाचून दाखवतात. अमुक आजारी, तमक्याची परीक्षा. तिथे माझं नाव? मुळीच नाही, मी म्हणालो. आई म्हणाली, बरं. पण मंडळीत (चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो) बातमी पोचायला वाचून दाखवावी लागत नाही. पुढच्या बुधवारी एक वयस्कर काका घरी आले, सलाम-बिलाम झाला, चहा प्यायले, क्रिकेटवर तासभर बोलले आणि जाताना पायरीवर म्हणाले, "१९८७ साली माझी कंपनी बंद पडली. मी बायकोला महिनाभर सांगितलं नव्हतं." आणि गेले. इतकंच. नोकरी गेल्यावर मला जेवढे सल्ले मिळाले, लिंक्डइनवरचे धरून, त्यात हे एकच कामाला आलं. यात तर सल्लाही नव्हता.

आमच्याकडे 'साक्ष' द्यायची पद्धत आहे. उभं राहून सांगायचं की देवाने माझ्यासाठी काय केलं. बहुतेक साक्षींत शेवटी आधीपेक्षा चांगली नोकरी लागते, पगार वाढतो आणि सगळे "स्तुती असो" म्हणतात. मला अशा साक्षी ऐकताना नेहमी वाटतं, ज्याची नोकरी लागलीच नाही तो कुठल्या बाकावर बसलाय आणि त्याला आत्ता काय वाटत असेल? माझ्यापुरतं सांगायचं तर नोकरी ऑगस्टमध्ये लागली, पाच महिन्यांनी, पगार पूर्वीच्या तीन चतुर्थांश. मधल्या काळात सतरा इंटरव्ह्यू दिले, त्यातले सहा जण नंतर कधी फोनवरही आले नाहीत. मी देवाकडे रोज मागत होतो. त्याने उत्तर दिलं की ते बाजार जरा सावरल्यामुळे झालं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. साडेआठला मात्र रोज जमत होतो, आणि ज्या दिवशी नकार आला त्या दिवशी ते तिथे बोलता येत होतं. एकदा चिमणी म्हणाली, "बाबा, आज पण नाही झालं? मग आज मीच मोठी प्रार्थना करते." त्या दिवशी तिने सात-आठ मिनिटं घेतली. वरण गार झालं.

अभ्यासिकेची खुर्ची मी ऑगस्टपर्यंत ठेवली, आता उघडपणे. बायको डबा जरा मोठा द्यायला लागली. का, ते मी विचारलं नाही. शेजारच्या पोराचं इंग्रजी मी बघायचो, तो मला चालू घडामोडी शिकवायचा. आईची ती प्रार्थनेतली ओळही चालूच राहिली, माझी नोकरी लागल्यानंतरसुद्धा.

नंतर एकदा संध्याकाळी त्या पोराचा फोन आला. तलाठ्याच्या यादीत नाव लागलं होतं. धड बोलता येत नव्हतं त्याला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि चिमणी ओरडली, "आजी, तुझा एक मुलगा पास झाला!"

आईने त्याचं अभिनंदन केलं, घरी येऊन जेवून जा म्हणाली. मग विचारलं, "आणि बाकीचे, बाळा?"

तो जरा थांबला. दोघं गावी परत गेले, म्हणाला. बत्तीस नंबरवाला अजून तिथेच बसतो.

"बरं," आई म्हणाली, आणि साडेआठ वाजायला आले होते म्हणून चष्मा शोधायला लागली.